तोकडा निळा काटा

१

सांगा बघू, विश्वास कोणावर ठेवाल? ज्याची नजर आजवर एकदाही चुकली नाही त्याच्यावर, की दहादा चुकून दहादा कान पकडणाऱ्यावर?

मी जन्मभर घड्याळाचे पट्टे विकले. चामड्याचे, कापडाचे, स्टीलचे. पाठीला पिशवी लावून पन्नास-साठ दुकानं पालथी घातली. घड्याळ दुरुस्त करणारी माणसं पाहिली, बिघडवणारी त्याहून जास्त पाहिली. तुम्ही मला हा प्रश्न सात-आठ वर्षांपूर्वी विचारला असता तर मी डोळे मिटून म्हटलं असतं, न चुकणाऱ्यावर. आणि बोट दाखवलं असतं भिंगवाल्याच्या दुकानाकडे.

भिंगवाला हे त्याचं टोपणनाव. डाव्या डोळ्याला भिंग लावून तो असा बसायचा की नवीन गिऱ्हाईकाला वाटावं, ते जन्मतःच तिथं उगवलंय. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं श्वास रोखून उभं राहायचं. तिन्ही भिंतींवर घड्याळं, दोनशेच्या आसपास, सगळी चालू आणि सगळी बरोबर. आत पाऊल टाकलं की पावसासारखी टिकटिक अंगावर यायची. तो जुनी घड्याळं घ्यायचा, दुरुस्त करायचा, विकायचा. पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं.

लोक त्याला मालिकेतले फोटो पाठवायचे. "तो वकील झालेला नट आहे ना, त्याच्या हातात कुठलं घड्याळ?" भिंगवाला चित्र थांबवायचा, मोठं करायचा, आणि तबकडीचा एक कोपरा, चावीचं टोक, पट्टा जिथं अडकतो ते कान एवढं पाहून सांगायचा: अमुक सालचं, तमुक बनावटीचं, आणि काच बदललेली आहे. फोनवर त्याचं पान होतं. हजारो लोक ते वाचायचे आणि तसंच घड्याळ मागत दुकानात यायचे.

एकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या काळातली एक मालिका लागली होती. त्यात जमीनदाराचा सेकंदकाटा ठेचकाळत चालत होता. भिंगवाल्यानं जाहीर लिहिलं, "चावीच्या घड्याळाचा काटा सरकतो, सेलच्या घड्याळाचा उड्या मारतो. हे जमीनदार सेलवर चालतात." चार दिवस लोक हसले. पाचव्या दिवशी त्या मालिकेचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. आता बाई भांडणार, असं मला वाटलं. पण बाई म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी आधी तुम्हालाच विचारते." तेव्हापासून ती मंडळी पेटीभर घड्याळं त्याच्याकडूनच भाड्यानं न्यायची.

त्याची एक नोंदवही होती. दुकानात आलेल्या प्रत्येक घड्याळाला नंबर द्यायचा, सुईनं तो मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोरायचा, आणि वहीत लिहायचं: नंबर, तारीख, आल्याची वेळ, कोणाच्या हातून आलं. "घड्याळ खोटं बोलेल, माझी वही नाही बोलणार," असं तो म्हणायचा. मीही ते चार दुकानांत सांगत फिरलो.

पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं, दोन बैठकींत. तेव्हा तो खोटं बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

२

घरी दोनच माणसं, तो आणि त्याची वहिनी. त्यानं लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात वारला. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर तीन खुर्च्या होत्या: एक वहिनींची, एक याची, आणि मधली भावाची. मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं. बसत नव्हतं, एवढंच.

रोज सात वाजता शाळामास्तरची मालिका लागायची. वहिनी भाजी निवडत बघायच्या. हा मांडीवर वही घेऊन नुसती मनगटं बघायचा.

"भावोजी, त्याची बायको सोडून चाललीय, आणि तुम्ही काय बघताय?"

"डॉक्टरचं घड्याळ नकली आहे, वहिनी."

"माणसाच्या तोंडाकडे बघा की कधीतरी. तिथंही कळतं काय नकली आहे ते."

"तोंडाला झाकण नसतं. उघडून बघता येत नाही."

वहिनी हसायच्या. अशी थट्टा दोघांत रोजची होती.

त्या संध्याकाळी मास्तर फळ्यावर काहीतरी लिहायला वळला, बाही मागे सरली, आणि मनगटावर घड्याळ दिसलं. फार तर दोन सेकंद. भिंगवाल्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. ओळखीचं वाटलं."

"तुम्हाला सगळीच ओळखीची वाटतात," वहिनी म्हणाल्या आणि भाजीकडे वळल्या.

३

सकाळी दुकान उघडल्यावर त्यानं ते दृश्य फोनवर लावलं, थांबवलं, मोठं केलं. पांढरी तबकडी. चाराच्या आकड्याशेजारी माशीच्या पंखाएवढा ओलीचा डाग. आणि सेकंदकाटा निळा, जरा तोकडा. मिनिटांच्या रेघांपर्यंत न पोचणारा.

असं घड्याळ जगात एकच होतं. कारण तो काटा त्यानंच बसवला होता.

घड्याळ त्यांच्या वडिलांचं. वडिलांनी ते थोरल्याला दिलं. थोरल्याला चावी किती द्यायची तेही कळत नव्हतं. चावी द्यायचा धाकटा, तेल घालायचा धाकटा, आणि मनगटावर मिरवायचा थोरला. तीस वर्षं हे भिंगवाल्याच्या घशात अडकून होतं. भाऊ दवाखान्यात पडला, हात सुकला, पट्टा सैल झाला, तेव्हा शेवटच्या दुपारी यानं ते अलगद काढून खिशात घातलं.

भाऊ गेल्यावर वहिनींनी पहिल्यांदा मनगट चाचपलं. "यांचं घड्याळ?" त्यांनी विचारलं. हा म्हणाला, "सकाळी तर होतं. तो चादरी बदलायला येतो ना, तोच मघाशी इथं होता." एवढंच म्हणाला. वहिनींनी भर वॉर्डात त्या माणसाची गचांडी धरली. तो पाया पडत राहिला. आठवड्याच्या आत त्याची नोकरी गेली.

मग या पठ्ठ्याला ते घड्याळ घालवेना आणि घरात ठेववेना. त्यानं मूळचा सोनेरी काटा काढला, एका मेलेल्या बायकी घड्याळातला निळा काटा लावला, पट्टा बदलला, आणि बाहेरगावच्या एका घाऊक घेणाऱ्याला बारा नगांत ढकलून दिलं. त्याआधी सवयीनं झाकणाच्या आत नंबर कोरला, चारशे सतरा. वहीत लिहिलं, "अनोळखी गिऱ्हाईक, बसथांब्यावर भेटला." त्या वहीतली पहिली खोटी ओळ.

म्हणजे घड्याळ फिरत फिरत नटाकडे पोचलं असणार. त्यात काय? वस्तू फिरतात, मीच किती फिरवल्या. भिंगवाल्यानंही मनाला हेच सांगितलं आणि दृश्य पुढे सरकवलं. तेव्हा त्याला दुसरी गोष्ट दिसली. निळा काटा चालत होता, गुळगुळीत, चावीच्या घड्याळाचा चालावा तसा. मोठे काटे मात्र साडेचारवर होते. मास्तरची शाळा सकाळची, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं.

यालाही कारण असतं. मिनिटकाट्याखालची नळी ढिली झाली की आतलं यंत्र चालतं, सेकंदकाटा फिरतो, मोठे काटे जागचे हलत नाहीत. दहा मिनिटांचं काम. त्यानं स्वतःच्या हातांनी शंभरदा केलेलं.

पण नळी ढिली होऊन काटे अडकायला साडेचारच का मिळावेत, याला काही कारण त्याला सापडलं नाही.

४

त्यानं कपडेपटवाल्या बाईंना फोन लावला.

"बाई, शाळामास्तरच्या हातातलं घड्याळ कुठून मिळालं?"

"काका, मास्तरला घड्याळच दिलेलं नाही."

"कालच्या भागात आहे."

"अहो, तो कर्जबाजारी मास्तर. मनगट मोकळं हवं, असा दिग्दर्शकांचा हुकूम आहे. त्याच्या हातावर ऊन लागून पट्ट्याचा पांढरा डाग राहिलाय ना, तो झाकायला मी रोज रंग लावते."

यानं तिला चित्र पाठवलं. दोन मिनिटांनी तिचा फोन.

"काका, बरे आहात ना? फळा आहे, खडू आहे, हात मोकळा आहे. की माझी परीक्षा घेताय?"

"हो हो," भिंगवाला हसला. "परीक्षाच घेत होतो. पास झालात."

फोन ठेवून त्यानं डावा डोळा चोळला. मग उजवा. मग डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, "या वयात अशी नजर मी पाहिली नाही."

५

घड्याळ एका मनगटावर थांबलं नाही. आठवड्याभरात ते एका पोलीस अधिकाऱ्याच्या हातात दिसलं, मग स्वयंपाकाच्या कार्यक्रमात कांदा चिरणाऱ्या हातात, मग बातम्या देणाऱ्याच्या. प्रत्येक ठिकाणी निळा काटा फिरत होता आणि प्रत्येक ठिकाणी साडेचार वाजले होते.

मग दुपारच्या वेळी एक जुनी मालिका पुन्हा लागली, वीस वर्षांपूर्वीची, रंग उडालेली. त्यातला म्हातारा नट तर कधीच वारला होता. त्यानं काठी टेकली, आणि मनगटावर डाग, काटा, सगळं जागच्या जागी. वीस वर्षांपूर्वी तो निळा काटा एका बायकी घड्याळात होता आणि वडिलांचं घड्याळ थोरल्याच्या हातात. काटा बसवला सहा वर्षांपूर्वी. भिंगवाल्यानं दोनदा बोटांवर हिशेब केला. बोटं तीच, वर्षं तीच. मग त्यानं टीव्ही बंद केला आणि बराच वेळ हात धूत बसला.

साडेचार का, ते त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मला मात्र त्यानं हे सगळ्यात शेवटी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

त्या दुपारी घड्याळ काढून घेतल्यावर भाऊ जागा झाला. दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यानं मोकळं मनगट चाचपलं. "घड्याळ?" हा म्हणाला, "नर्सनं ठेवलंय." भाऊ म्हणाला, "किती वाजले?" वहिनी पाच वाजता येणार होत्या. भाऊ पाचाची वाट बघत होता. त्या खोलीत भिंतीवर घड्याळ नव्हतं आणि खिशातलं काढून बघायची सोय नव्हती. यानं ठोकून दिलं, "साडेचार."

थोड्या वेळानं पुन्हा, "किती वाजले?"

"साडेचार."

पुन्हा. पुन्हा साडेचार. भाऊ बोटांनी मनगट चोळत राहिला. नंतर विचारायचा थांबला. वहिनी दारात आल्या तेव्हा पाचाला दोन मिनिटं कमी होती, आणि भाऊ जाऊन काही मिनिटंच झाली होती. त्याच्या लेखी मात्र अर्धा तास बाकी होता.

६

या सगळ्या दिवसांत वहिनींची थट्टा बंद झाली होती. हे याच्या लक्षातही आलं नाही. मनगटं बघणारा माणूस तो. भाजी तशीच ताटात पडून राहायची, वहिनी पडद्याकडे टक लावून बसायच्या, आणि जाहिरात लागली तरी नजर काढायच्या नाहीत.

एके दिवशी मालिकेत दवाखाना होता. पुढे मास्तर आणि त्याची बायको भांडत होते. मागे, चित्राच्या अगदी कडेला, दुसऱ्याच कुठल्या तरी रोग्याची खाट. खाटेचा अर्धा भाग, पांढरी चादर आणि एक हात. सुकलेला हात, सुई टोचलेल्या जागी पांढरी पट्टी. त्यावर सैल पट्ट्यात ते घड्याळ.

भिंगवाला बघत राहिला. चादरीखालून दुसरा हात आला आणि बोटांनी घड्याळ चाचपलं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा. "तुम्हालाही दिसतंय ना?"

"काय?"

"उगाच काय विचारताय? तुम्ही मनगट बघता. मी तोंड बघते. पंधरा दिवस झाले, यांचंच तोंड बघतेय."

यानं मान वर केली नाही. हात दिसत होता तिथून खांद्यापर्यंत नजर न्यायला वेळ लागत नाही. त्यानं नेली नाही.

"जगाला सांगता कुठलं घड्याळ कुठलं," वहिनी म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. आज विचारते. ते घड्याळ कुठलं?"

पडद्यावर मास्तरची बायको रडत होती. तिच्या मागे बोटं थांबली होती. तीही ऐकत असावीत, असं त्याला वाटलं.

त्यानं ओठ ओले केले. पंचवीस वर्षांत न चुकलेला माणूस म्हणाला, "साधं सेलचं आहे, वहिनी. बाजारात ढिगानं मिळतं."

निळा काटा गुळगुळीत फिरत होता.

"बरं," वहिनी म्हणाल्या. उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

बाहेर अजून उजेड होता. काळ्या काचेत खोली उमटली. खिडकी, दिव्याची दांडी, त्याची स्वतःची खुर्ची आणि तीत तो, टोकाला वहिनींची रिकामी खुर्ची. खिडकीच्या उजेडाची तिरीप मधोमध पडली होती, त्यामुळे मधल्या खुर्चीचे फक्त हात दिसत होते. त्यातल्या एकावर एक मनगट टेकलं होतं. मोकळं. आणि दुसऱ्या हाताची बोटं ते हळूहळू चोळत होती.

त्यानं शेजारी वळून पाहिलं नाही. मी विचारलं, का नाही पाहिलंस? तो म्हणाला, "शेजारून आवाज आला असता."

७

सकाळी वहिनी घरात नव्हत्या. जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली एक चिठ्ठी होती.

"भावोजी, दवाखान्यातल्या त्या माणसाचा पत्ता मिळवला आहे. आता तो बाजारात हमाली करतो. मी त्याची माफी मागायला जाते आहे. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. आज शेजारी याल तर बरं होईल. अकरापर्यंत त्याच्या दारात थांबते."

खाली पत्ता. चालत पंधरा मिनिटांवर.

भिंगवाल्यानं चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली, चपला घातल्या. खरंच निघाला होता, असं तो शपथेवर सांगतो. वाटेत त्याला वाटलं, आधी वही दुरुस्त करू. चारशे सतराची ओळ खोडून खरी लिहू, आणि ती वहीच त्या माणसासमोर ठेवू, म्हणजे तोंडानं फार बोलावं लागणार नाही. माणूस तोंडाला फार भ्यायचा.

तो दुकानात गेला. शटर अर्धं वर केलं. वही उघडली. जुनी ओळ खोडली. नंबर लिहिला. तारीख लिहिली, सहा वर्षांपूर्वीची. पुढचा रकाना वेळेचा.

दवाखान्यात घड्याळ काढलं तेव्हा किती वाजले होते? आठवेना. बरं, ते राहू दे, आत्ता किती वाजले? अकराच्या आत पोचायचं होतं. त्यानं भिंतीकडे पाहिलं. दोनशे घड्याळं चालू होती. तबकड्या दिसत होत्या, आकडे दिसत होते, काटे दिसत होते. पण वेळ कळत नव्हती. अक्षरं ओळखीची असावीत आणि शब्द लागू नये, तसं. त्यानं भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नकळत उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर गेली. तिथं काहीच नव्हतं.

शटरबाहेरून कोणी तरी चाललं होतं. त्यानं हाक मारली, "अहो, किती वाजले?"

८

वहिनी परत आल्या नाहीत. त्या दिवशी साडेबारापर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग त्या माणसाच्या बायकोनं त्यांना आत बोलावून बसवलं. हे मला पुढे वहिनींनीच सांगितलं. त्या आता बहिणीकडे असतात. घरात टीव्ही नाही.

मी गेल्या महिन्यात दुकानात गेलो, पट्टे द्यायला नव्हे, सहज. गिऱ्हाईक तुटलंय. घड्याळांना चावी मात्र तो वेळच्या वेळी देतो. टिकटिक तशीच अंगावर येते. तो भिंगाशिवाय बसला होता, पुढ्यात वही उघडी, डावं मनगट चोळून चोळून लाल झालेलं.

मला पाहून तोंड भरून हसला. "या, या. बसा. किती वाजले?"

माझ्या मागेपुढे दोनशे घड्याळं होती. तरी मी माझ्या मनगटावर बघून सांगितलं, "सव्वा अकरा."

"सव्वा अकरा," त्यानं मान डोलावली. "झालं तर मग. एवढी एक नोंद पुरी केली की निघतो. वहिनी वाट बघतायत."

त्यानं पेन उचललं आणि वेळेच्या रकान्यात सावकाश लिहिलं. मी वाकून पाहिलं. अक्षर सुरेख, पूर्वीसारखंच. लिहिलं होतं, साडेचार.

वरची ओळ, साडेचार. त्याच्या वरची, साडेचार. पान उलटलं, मागचं पान, त्याच्या मागचं, रकानाभर साडेचार. जितक्या जणांनी त्याला खरी वेळ सांगितली असेल तितक्या ओळी. शेजारचा रकाना, कोणाच्या हातून आलं, वरपासून खालपर्यंत कोरा.

मी पिशवी उचलली. उंबऱ्यावर होतो तेव्हा मागून पुन्हा ऐकू आलं, "किती वाजले?" पण आवाज त्याच्या खुर्चीकडून आला, की आतल्या कोपऱ्यातून, ते मी वळून ताडून पाहिलं नाही. तो बिचारा मला शेजारून येणाऱ्या आवाजाचं आधीच सांगून बसला होता.

तुमचंही दुकान असेल, नसेल. वही तर कुठली ना कुठली असतेच. माझं एवढं ऐका. जे ज्याच्या हातून आलं, त्याचं नाव त्याच रकान्यात, त्याच दिवशी लिहा. नाव स्वतःचं असलं तरी लिहा. नंतर दुरुस्त करू म्हणून जागा सोडू नका.